वाळूच्या मागे लागलेला मेजर

आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात रेनॉल्ड्स आहे, बर्नूली आहे, फ्रूड आहे, प्रान्टल तर अख्खं चॅप्टर अडवून बसलाय. प्रत्येकाच्या नावाचा एक नंबर नाहीतर एक इक्वेशन, आणि व्हायवाला एक्स्टर्नल ते हमखास विचारणार. राल्फ बॅग्नॉल्डच्या नावाचाही एक नंबर आहे. हवेबरोबर आणि पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या कणांचा त्याने आयुष्यभर पिच्छा पुरवला. पण तो आमच्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही. म्हणून यंदाच्या अंकासाठी विषय शोधताना मी त्यालाच धरलं.

राल्फ अल्जर बॅग्नॉल्ड ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टला जन्मला. वडील रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल. बहीण एनिड पुढे नामवंत लेखिका झाली, 'नॅशनल व्हेल्व्हेट' ही घोड्यावरची कादंबरी तिचीच. राल्फ वुलिचच्या मिलिटरी अकॅडमीतून १९१५ मध्ये बाहेर पडला आणि थेट फ्रान्सच्या खंदकांत गेला. सोम, ईप्र, पाशेंडेल ही पहिल्या महायुद्धातली सगळी भयंकर नावं त्याच्या खात्यावर आहेत. युद्ध संपल्यावर आर्मीने त्याला केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला पाठवलं. म्हणजे आपण बारावीनंतर सीईटी देऊन जे करतो ते या गृहस्थाने लढाई लढून आल्यावर केलं. नंतर तो सिग्नल्स कोअरमध्ये गेला.

१९२६ मध्ये त्याची बदली इजिप्तला झाली आणि इथे गोष्ट सुरू होते. कैरोच्या ब्रिटिश ऑफिसरांचा रिकामा वेळ म्हणजे पोलो, क्लब आणि पार्ट्या. बॅग्नॉल्ड आणि त्याच्या चारदोन मित्रांना भलताच नाद लागला. फोर्डची मॉडेल टी गाडी घ्यायची आणि सुट्टीत वाळवंटात घुसायचं. आधी सिनाई, मग पश्चिमेकडचं लिबियन वाळवंट. तिथे ग्रेट सँड सी नावाचा शेकडो किलोमीटर लांब वाळूचा समुद्र पसरलाय. त्यात मोटार जाऊ शकत नाही अशी तेव्हा जाणकारांची खात्री होती. १९२९ आणि १९३० मध्ये या मंडळींनी ती खोटी ठरवली. खर्च स्वतःच्या खिशातून, रजा स्वतःच्या हक्काची.

मेकॅनिकलवाल्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. पहिला प्रश्न पाण्याचा. रेडिएटरचं पाणी उकळून वाफ बाहेर जायची आणि वाळवंटात पाणी म्हणजे जीव. बॅग्नॉल्डने रेडिएटरच्या ओव्हरफ्लोला नळी लावून तिचं दुसरं टोक अर्धवट पाणी भरलेल्या डब्यात सोडलं. वाफ डब्यात जाऊन थंड होऊन पाणी व्हायची. इंजिन गार झालं की रेडिएटरमध्ये व्हॅक्यूम तयार होऊन तेच पाणी परत आत खेचलं जायचं. आज प्रत्येक कारला जी कूलंटची प्लॅस्टिकची बाटली असते, तिचं तत्त्व हेच. दुसरा प्रश्न दिशेचा. लोखंडी गाडीत चुंबकीय होकायंत्र भरकटतं, म्हणून त्याने सूर्य-होकायंत्र बनवलं. तबकडीवर उभी सुई असायची, सुईची सावली वेळेनुसार जुळवायची आणि त्या रेघेवर गाडी हाकायची. तिसरा प्रश्न चाकं रुतण्याचा. कैरोच्या एका भंगारवाल्याकडे त्याला युद्धातल्या खंदकांच्या छपराचे पोलादी चॅनल मिळाले. ते चाकाखाली सरकवले की रुतलेली गाडी बाहेर यायची. टायरमधली हवा कमी करून वाळूवर चालवायची युक्तीही याच लोकांनी रुळवली.

पण मला त्याच्या युक्त्यांपेक्षा त्याला पडलेला प्रश्न जास्त आवडतो. शेकडो मैल वाळूतून जाताना त्याने पाहिलं की वाळू कुठेही कशीही पसरलेली नसते. मध्येच एक चंद्रकोरीसारखी टेकडी. तिची दोन शिंगं वारा जातो त्या दिशेला, मागची बाजू सौम्य उताराची, पुढची बाजू तीव्र, तेहेतीस-चौतीस अंशांची. आजूबाजूला सपाट दगडगोट्यांची जमीन आणि तिच्यावर वाळूचा कण नाही. थोडं पुढे पुन्हा तशीच टेकडी, हुबेहूब त्याच आकाराची. दुसरीकडे तलवारीसारख्या सरळ रांगाच रांगा. आमच्या शाळेत भूगोल इंग्रजीत, त्यामुळे मला नुसतं सँड ड्यून माहीत होतं. मराठी मीडियमच्या मित्राकडून कळलं की त्याला वालुकागिरी म्हणतात, चंद्रकोरीला बारखान आणि लांब रांगांना सैफ. नावं सगळ्यांनी दिली होती. पण निर्जीव वाळू स्वतःहून इतका नेमका आकार कसा घेते आणि तो मोडू न देता पुढे कशी सरकते, हे कोणी मोजलं नव्हतं.

मध्ये काही वर्षं त्याची नेमणूक हिंदुस्थानात वायव्य सरहद्दीवर होती, नंतर हाँगकाँगला. १९३५ मध्ये आजारपणामुळे तो मेजर म्हणून आर्मीतून बाहेर पडला. वय एकोणचाळीस. त्याने लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये जागा मागून घेतली आणि प्लायवूड आणि काच वापरून स्वतः विंड टनेल बांधला. तीस फूट लांब, आतून एक फूट बाय एक फूट. आमच्या लॅबमधला विंड टनेल यापेक्षा बऱ्याच पैशांचा असावा.

आत वाळू पसरून पंखा चालू केल्यावर त्याला जे दिसलं ते थोडक्यात असं. साध्या बारीक वाळूला हलायला ताशी १८-२० किलोमीटरचा वारा पुरतो. कण धुळीसारखा हवेत तरंगत नाही, तो उड्या मारतो. वर उडतो, वाऱ्याकडून वेग घेतो, तिरका खाली येऊन आपटतो आणि आपटताना आणखी कणांना उडवतो. जड कण उडत नाहीत, पण या आपटण्याने ढकलले जाऊन सरपटतात, आणि एकूण वाहणाऱ्या वाळूचा साधारण चौथा हिस्सा असा सरपटणाराच असतो. म्हणून वाळूच्या वादळात उभ्या माणसाचं डोकं स्वच्छ हवेत आणि पाय वाहत्या गालिच्यात असं दृश्य असतं. एकदा वाळू वाहायला लागली की सुरुवातीला लागला त्याहून कमी वाऱ्यातही ती वाहत राहते, कारण आता धक्का द्यायला उडणारे कण आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाळू वाहण्याचं प्रमाण जमिनीलगतच्या वाऱ्याच्या घर्षणवेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट, तर वाळू आठपट. वर्षभराच्या मंद वाऱ्यापेक्षा चार दिवसांचं वादळ टेकडीला जास्त हलवतं ते यामुळे.

वाळू टेकडीतच का गोळा होते याचंही उत्तर यातच आहे. कडक गोट्यांवर आपटलेला कण टप्पा खाऊन लांब जातो. मऊ वाळूवर आपटलेल्याची शक्ती तिथेच जिरते. म्हणजे वाळू वाळूवरच थांबते. टेकडीच्या माथ्यावरून जेवढी वाळू पलीकडे सांडते तेवढी टेकडी पुढे सरकते, म्हणून उंची दुप्पट असेल तर सरकण्याचा वेग निम्मा. एवढं सोपं गणित, फक्त कंझर्व्हेशन ऑफ मास. लहान बारखान मोठ्याला मागून गाठतो तो याच हिशोबाने. टनेलमधले आकडे खरे आहेत का हे तपासायला तो १९३८ मध्ये पुन्हा वाळवंटात गेला आणि वादळात उभं राहून मोजून आला. १९४१ मध्ये 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' हे पुस्तक निघालं. या विषयावर लिहिणाऱ्यांना आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

पुस्तक निघालं तेव्हा लेखक पुन्हा युनिफॉर्ममध्ये होता. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्याला परत बोलावलं, पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या त्याच्या जहाजाची भूमध्य समुद्रात टक्कर झाली आणि दुरुस्तीसाठी ते पोर्ट सैदला थांबलं. हा कैरोला जुन्या मित्रांना भेटायला गेला आणि जनरल वेव्हेलच्या नजरेत भरला. १९४० मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. ट्रकमधून वाळूचा समुद्र ओलांडून इटालियन फौजेच्या पाठीमागे निघणारी तुकडी. सुरुवातीचे जवान बहुतेक न्यूझीलंडचे. कंडेन्सर, सूर्य-होकायंत्र, पोलादी चॅनल, सुट्टीतल्या नादातलं सगळं इथे कामाला आलं. युद्धकथा वाचणारे बॅग्नॉल्डला एवढ्यापुरतंच ओळखतात. मला तरी ते त्याच्या आयुष्यातलं मधलं प्रकरण वाटतं. १९४४ मध्ये तो ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पीएचडी नाही, प्रोफेसरकी नाही.

आता मित्रांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. बॅग्नॉल्डच्या टनेलमध्ये गवताची काडी नव्हती. तो फिरला त्या इजिप्तच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, झाड नाही, बकरी नाही, माणूस नाही. त्याने ती जागा निवडली याचं कारण तेच, फक्त वारा आणि वाळू. प्रयोग म्हणून एकदम चोख. पण जगातल्या ज्या वाळूच्या टेकड्यांवर माणसं राहतात तिथे पाऊस पडतो, थोडा का होईना. तिथे गवत आहे, गुरं आहेत, नांगर आहे. तिथे ते इक्वेशन एकटं पुरत नाही. त्याचं गणित वाचताना पुढच्या पिढीने त्यात काय भरलं तेही पाहावं लागतं.

योगायोग असा की ज्या १९३५ मध्ये तो टनेल बांधत होता, त्याच वर्षी १४ एप्रिलला अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात धुळीचं ते प्रसिद्ध काळं वादळ उठलं. आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथलं मूळ गवत नांगरून गहू लावला होता, आणि मग सलग दुष्काळ पडला. नांगरणीने ढेकळं फुटली, मुळं गेली, माती सुटी झाली. नंतर चेपिल नावाच्या शास्त्रज्ञाने आधी कॅनडात आणि मग कॅन्ससमध्ये बॅग्नॉल्डचे उड्या मारणारे कण शेतमातीला लावून पाहिले. ढेकळं किती मोठी, वरचा पापुद्रा शाबूत आहे की नाही, कापणीनंतरची धाटं उभी आहेत का, यावर किती माती उडेल ते ठरतं असं त्याने मोजून दाखवलं. वारा तोच, पण त्याचा जोर मातीपर्यंत पोचू द्यायचा की गवताने वरच्यावर झेलायचा, हे शेतकऱ्याच्या हातात.

याचं सर्वांत स्पष्ट चित्र सिनाईच्या कडेला आहे, जिथे बॅग्नॉल्डने सुरुवातीच्या सहली केल्या. इजिप्त आणि इस्रायलची सीमा एकाच वाळूच्या पट्ट्यातून जाते. १९७० च्या दशकातल्या उपग्रह-चित्रांत ती सीमा पट्टीने मारल्यासारखी दिसली, इजिप्तची बाजू पांढरी, नेगेवची बाजू काळपट. वाळू एक, वारा एक, पाऊस एक, वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर. फरक इतकाच की एका बाजूला बेदुइनांच्या बकऱ्या चरत होत्या आणि सरपणासाठी झुडपं तोडली जात होती, दुसऱ्या बाजूला चराई बंद होती. चराई थांबल्यावर झुडपं तर आलीच, पण वाळूवर सूक्ष्म जीवांचा एक पातळ पापुद्रा धरला. तो बॅक्टेरियांचा असतो, बोटाने मोडता येतो. तरी तो वाळूला धरून ठेवतो आणि चित्रात बाजू काळी दिसते त्यात त्याचा मोठा वाटा आहे. खुरांखाली तोच आधी मोडतो.

यावरून सगळं खापर बकऱ्यांवर फोडून मोकळं व्हायचा मोह होतो. मला ते पटत नाही. इस्रायलच्या हाइम त्सोआरने दाखवलंय की कोरड्या प्रदेशातली टेकडी हलते की थांबते हे पावसापेक्षा वाऱ्यावर जास्त अवलंबून असतं. नेगेवमध्ये १०० मिलिमीटरमध्येही झाडोरा तगतो कारण वारा मवाळ आहे. उलट वारा जोरदार असला तर भरपूर पावसाच्या किनाऱ्यावरही वाळू उघडी राहते, कारण रोपाची मुळं धरायच्या आत वाळू खालून निघून जाते. आणि वाळू झाडांना वाटते तितकी वाईट नाही. पाऊस झटकन आत मुरतो, वरचा थर सुकला की खालची ओल टिकते. कोरड्या हवेत चिकणमातीपेक्षा वाळूत झुडूप बरं जगतं, हे वाचून मी चाट पडलो.

त्सोआरचा दुसरा मुद्दा इलेक्ट्रिकलवाल्यांना लगेच कळेल. इथे हिस्टेरेसिस आहे. बी-एच कर्व्हसारखंच. गवताळ टेकडी बरंच कडक वारं सहन करते. पण एकदा ती उघडी पडली की वारा पूर्वीइतका कमी होऊनही गवत परत येत नाही, त्याहून बराच खाली यावा लागतो. म्हणजे त्याच हवामानात एक टेकडी हिरवी आणि शेजारची नागडी असू शकते, कोण आधी कुठे होतं त्यावर. माणसाचा धक्का इथे लागतो. नांगर किंवा कळप टेकडीला एका फांदीवरून दुसरीवर ढकलतो आणि परतीची वाट लांबची असते.

आता हवामानाची बाजू. सहाराच्या दक्षिणेला, सुदानमध्ये, कोझ नावाचा प्रदेश आहे. १९३२ च्या मोठ्या फेरीत बॅग्नॉल्ड सुदानच्या बाजूला उतरला होता. कोझ म्हणजे जुन्या वाळूच्या टेकड्याच, पण गवताखाली झोपलेल्या. कधीकाळी वाळवंट आजच्यापेक्षा शेकडो किलोमीटर दक्षिणेला होतं याचा तो पुरावा. उलट काही हजार वर्षांपूर्वी सहारात पाऊस होता, तळी होती. बॅग्नॉल्डच्या वाटेवरच्या ओसाड जागी दगडी जाती आणि गुराढोरांची चित्रं सापडतात ती त्या लोकांची. कोझवरचे शेतकरी बाजरी पिकवतात आणि डिंकाच्या बाभळी राखतात. हा डिंक कोल्ड्रिंकमध्येही पडतो, म्हणजे आपल्या कँटीनपर्यंत येतो. पूर्वीची रीत अशी की चार-पाच वर्षं बाजरी, मग पंधरा-वीस वर्षं जमीन बाभळींना सोडायची. माणसं वाढली, पडीक वर्षं घटली, १९७० आणि ८० च्या दशकांत पाऊस दगा देऊन गेला आणि झोपलेली वाळू काही ठिकाणी जागी झाली. यात हवामान किती आणि कुऱ्हाड किती, याचा वाद अजून आहे. तो असणारच, कारण दोन्ही एकाच वेळी आले.

आपल्या थरच्या वाळवंटातही तीच बाभूळ आहे, तिथे तिला कुमट म्हणतात. जैसलमेरची ट्रिप करून आलेल्यांनी टेकडीवर उंटाबरोबर फोटो काढलेत. पण थरच्या बहुतेक टेकड्या हजारो वर्षं जुन्या आणि झाडोऱ्याने बऱ्यापैकी बांधलेल्या आहेत. गंमत म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या कडक हिमयुगात थर कोरडं असूनही टेकड्या फारशा वाढल्या नाहीत. नैर्ऋत्य मोसमी वारा परत जोर धरू लागला तेव्हा वाढल्या. बॅग्नॉल्डचा घनाचा नियम इथेही हजर, नुसतं कोरडं असून भागत नाही, वारा लागतो. आज उतारावर ट्रॅक्टर फिरतो, फोगची झुडपं मुळासकट कोळशासाठी जातात, आणि मग जूनच्या वाऱ्यात वाळू रस्त्यावर आणि रुळांवर येते. जोधपूरला १९५२ मध्ये वाळवंटात झाडं लावायचं केंद्र निघालं, १९५९ पासून त्याचं नाव काझरी. त्यांची पद्धत साधी आहे. आधी कुंपण, मग वाळलेल्या झुडपांच्या काड्या बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींत रोवायच्या, म्हणजे जमिनीलगतचा वारा तुटतो, आणि मग त्या आडोशाला सेवण गवत आणि रोपं. बाउंडरी लेयर शिकलेल्याला यात नवीन काही नाही. सरफेसचा खडबडीतपणा वाढवला, झेड-नॉट वर गेला, वाळूवर पडणारा शिअर कमी झाला. ती लॉगरिदमिक प्रोफाइल बॅग्नॉल्डने आपल्या टनेलमध्ये हीच वापरली होती.

युद्धानंतर तो स्वतः वाळूकडून पाण्याकडे वळला. १९४६ मध्ये लग्न, काही काळ शेल कंपनीत संशोधन, मग नद्यांमधला गाळ कसा वाहतो यावर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाबरोबर बरीच वर्षं काम. १९५४ मध्ये मेणाचे गोळे द्रवात घुसळून त्याने जो प्रयोग केला त्यातून बॅग्नॉल्ड नंबर आला. २००२ मध्ये त्या प्रयोगाची फेरतपासणी झाली तेव्हा उपकरणाच्या आकारामुळे काही निष्कर्ष बिघडले होते असं निघालं. सुरुवातीला म्हटलं तो नंबर हाच, आणि तपासणीनंतरही तो वापरात आहे.

१९३० मध्ये एका मुक्कामाला बॅग्नॉल्डच्या मंडळींनी एका बारखानच्या आडोशाला तंबू टाकला होता. १९८७ मध्ये भूशास्त्रज्ञ व्हान्स हेन्सच्या तुकडीला त्या कॅम्पच्या खुणा सापडल्या. बारखान अर्थातच तिथे नव्हता. तो नैर्ऋत्येला पुढे निघून गेला होता, सत्तावन्न वर्षांत वर्षाला सरासरी ७.५ मीटर, म्हणजे सव्वाचारशे मीटरच्या वर. पूर्व सहारातल्या टेकडीची इतकी लांब आणि खात्रीची नोंद तोपर्यंत दुसरी नव्हती. २८ मे १९९० रोजी बॅग्नॉल्ड गेला, वय ९४. आत्मचरित्र त्यानंतर निघालं.

मंगळावर गेल क्रेटरमध्ये काळ्या वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे, त्याला बॅग्नॉल्ड ड्यून्स नाव दिलंय. २०१५ च्या शेवटी क्युरिऑसिटी गाडी तिथे पोचली. पृथ्वीबाहेरच्या हलत्या वाळूच्या टेकडीजवळ जाऊन तिची तपासणी करण्याची ती पहिली वेळ. त्या वर्षाला एखाद मीटर सरकतात. तिथे पाऊस नाही, गवत नाही आणि बकऱ्याही नाहीत. त्याचं पुस्तक मात्र आपल्या लायब्ररीत नाही. डोव्हरची स्वस्त आवृत्ती मिळते, मागणीच्या रजिस्टरमध्ये मी नाव लिहून ठेवलंय. आणखी कोणाला हवं असेल तर त्याखाली सही करा.